वैद्याच्या मुखी सरकारची वाणी

कायद्याचे पुस्तक कोणी आवडीने उशाशी घेऊन निजत नाही. त्याची भाषा रुक्ष, वाक्ये लांबलचक, आणि रस म्हणावा तर औषधालाही सापडावयाचा नाही. तेव्हा वाङ्मयाची चर्चा करणाऱ्या मासिकात कायद्याच्या कलमांचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यास उत्तर एवढेच की, कायदा हेही शेवटी लेखनच आहे. आणि कोणत्याही लेखनाविषयी टीकाकाराने जे तीन प्रश्न विचारावयाचे, म्हणजे हे कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे, आणि ओठांवर जो हेतू आहे तोच पोटात आहे काय, ते तीनही प्रश्न कायद्याला विचारता येतात. किंबहुना ते अधिक कसोशीने विचारले पाहिजेत. कवी खोटे बोलला तर एक कविता वाया जाते. कायदा खोटे बोलला तर त्याची किंमत कोणा तरी जिवंत माणसाला आपल्या देहाने चुकवावी लागते.

ज्या लेखनाचे परीक्षण येथे करावयाचे आहे, ते अमेरिकेतील काही घटकराज्यांनी विशेषतः 2010 नंतरच्या दोन-तीन वर्षांत केलेले कायदे होत. गर्भपात करून घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रीची आधी सोनोग्राफी झालीच पाहिजे, मग तिच्या वैद्यास ती आवश्यक वाटो वा न वाटो, असा ह्या कायद्यांचा सामान्य आशय. गर्भपाताचा हक्क त्या देशात तेव्हा 1973 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मान्य झालेला होता; त्यास सरळ हात घालणे कायदेमंडळांना शक्य नव्हते. म्हणून दार बंद करता येत नाही तर उंबरठा उंच करावा, अशी ही युक्ती निघाली. परंतु तसे उघड कोणी म्हणत नव्हते. उघड म्हटले जात होते ते असे की, आम्ही कोणास अडवीत नाही. स्त्रीला पुरती माहिती मिळावी व तिने समजून-उमजून निर्णय घ्यावा, एवढीच आमची इच्छा. ह्या इच्छेची परीक्षा पाहावयाची तर व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण फार बोधप्रद आहे.

2012 च्या आरंभी व्हर्जिनियाच्या कायदेमंडळापुढे एक विधेयक आले. गर्भपाताच्या निदान चोवीस तास आधी सोनोग्राफी करून गर्भाचे वय ठरवावे, चित्राची प्रत स्त्रीच्या कागदपत्रांत ठेवावी, व ते चित्र पाहण्याची संधी तिला द्यावी, असे त्यात म्हटले होते. वरवर पाहता ह्यात भयंकर काही दिसत नाही. परंतु विधेयक लिहिणारांनी शरीरशास्त्राकडे डोळेझाक केली होती. गर्भ पहिल्या काही आठवड्यांचा असताना पोटावरून यंत्र फिरवून फारसे काही दिसत नाही. त्याचे वय निश्चित करावयाचे तर यंत्राची कांडी योनिमार्गातून आत घालावी लागते. आणि अमेरिकेतील बहुसंख्य गर्भपात ह्या पहिल्या आठवड्यांतच होतात. म्हणजे विधेयकात शब्द कोठेही नसला तरी त्याचा अर्थ असा होत होता की, हजारो स्त्रियांच्या देहात, त्यांची इच्छा असो वा नसो, सरकारी हुकुमाने एक उपकरण घातले जावे.

ही गोष्ट सभागृहाच्या ध्यानात आणून देण्यात आली नाही, असे नाही. डेव्हिड एंग्लिन ह्या प्रतिनिधीने दुरुस्ती सुचविली की, अशी आतून करावयाची तपासणी स्त्रीच्या संमतीवाचून होऊ नये. ती दुरुस्ती फेटाळण्यात आली. ज्या विधेयकाचे सारे समर्थन ‘संमती’ ह्या एका शब्दावर उभे होते, त्याच विधेयकात संमतीला जागा मिळाली नाही! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तो हाच.

त्यापूर्वी थोडेच दिवस सिनेटमध्ये जॅनेट हॉवेल ह्या सदस्येने दुसरीच एक दुरुस्ती मांडली होती. पुरुषास लिंगशैथिल्यावरील औषध लिहून देण्याआधी वैद्याने त्याच्या गुदमार्गाची तपासणी व हृदयाची चाचणी केलीच पाहिजे, अशी ती होती. चाळीस सदस्यांच्या त्या सभेत ती 21 विरुद्ध 19 अशी पडली. उपरोध हा अलंकार आपल्या साहित्यशास्त्राने पुष्कळ वाखाणला आहे. पण इतक्या कोरड्या भाषेत इतका नेमका उपरोध क्वचितच साधला गेला असेल. तिने एक अक्षरही विनोदाचे लिहिले नव्हते. फक्त रुग्णाच्या जागी पुरुष घातला, आणि तेवढ्याने कायद्याचे रूप सर्वांस दिसू लागले.

20 फेब्रुवारी रोजी रिचमंड येथील कायदेमंडळाच्या आवारात हजाराच्या आसपास माणसे, बहुतेक स्त्रियाच, मुकाट्याने दुतर्फा उभी राहिली. घोषणा नाही, भाषण नाही. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांनी मात्र त्या आठवड्यात ह्या विधेयकाची यथेच्छ टर उडविली. गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल ह्यांचे नाव त्या वर्षीच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदासाठी घेतले जात होते. देशभर आपले हसे होणे त्यांस परवडणारे नव्हते. दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केले की, संमतीच्या नावाखाली कोणाच्याही देहात उपकरण घालण्याची सक्ती करणे हे राज्याचे काम नव्हे. हेच सत्य विरोधक आठवडाभर सांगत होते. पण ते मान्य होण्यास सत्याच्या जोडीला निवडणुकीचे भय असावे लागले.

पुढे जो कायदा झाला व 1 जुलैपासून अमलात आला, त्यात पोटावरून करावयाच्या सोनोग्राफीचीच सक्ती राहिली. आतील तपासणी ऐच्छिक झाली. टीकेचा विजय झाला असे पुष्कळांस वाटले; परंतु जरा बारकाईने पाहता ही दुरुस्ती मूळ विधेयकाचा अधिकच कठोर निकाल लावते. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून वय कळत नाही, म्हणून तर आतील तपासणीचा प्रश्न निघाला. मग जी तपासणी आपला हेतू सिद्ध करू शकत नाही, तीच सक्तीची ठेवण्यात काय अर्थ? अर्थ एकच संभवतो. गर्भाचे वय कळणे हा हेतू नव्हताच. स्त्रीने एक जास्तीची फेरी मारावी, एक दिवस थांबावे, थोडे खजील व्हावे, हाच हेतू होता. आणि तो पोटावरच्या निरर्थक तपासणीनेही तितकाच साधत होता.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. गर्भपातापूर्वी सोनोग्राफी करणे हेच मुळी वाईट, असे कोणी समंजस मनुष्य म्हणत नाही. गर्भाचे वय अनिश्चित असेल, गर्भ गर्भाशयाबाहेर राहिल्याची शंका असेल, तर वैद्य ती सुचवितो, आणि सुचवावीच. वाद तपासणीबद्दल नाही; वाद ती कोणी सांगावयाची ह्याबद्दल आहे. वैद्य सांगतो तेव्हा त्याच्यापुढे एक रुग्ण असते. कायदेमंडळ सांगते तेव्हा त्याच्यापुढे मतदारयादी असते. पहिल्या सांगण्याला उपचार म्हणतात. दुसऱ्याला उपचार म्हणावयाचे असल्यास त्या शब्दाचा दुसरा अर्थ, केवळ बाह्य विधी, हाच घ्यावा लागेल.

आता ‘संमती’ ह्या शब्दाकडे वळू. कारण ह्या साऱ्या प्रकरणातील खरा अपहार पैशाचा नसून ह्या शब्दाचा आहे. वैद्याने रुग्णाच्या संमतीवाचून त्याच्या देहास हात लावू नये, हे तत्त्व अमेरिकेत न्यायमूर्ती कार्डोझो ह्यांनी 1914 साली न्यूयॉर्कमधील एका खटल्यात ठाशीव शब्दांत मांडले. संमती नुसती असून भागत नाही, ती माहितीपूर्वक असली पाहिजे, ही शब्दयोजना 1957 साली कॅलिफोर्नियातील एका निकालात आली. 1972 साली वॉशिंग्टनच्या एका अपील कोर्टाने आणखी एक पाऊल पुढे टाकून म्हटले की, किती माहिती द्यावयाची हे वैद्याच्या सोयीने न ठरवता रुग्णाच्या गरजेवरून ठरवावे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2008 साली समीरा कोहली ह्यांच्या खटल्यात एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी चालणार नाही, असा निर्वाळा दिला. ह्या साऱ्या परंपरेचा ओघ एकाच दिशेने वाहत आलेला दिसेल. ज्याचा देह त्याचे म्हणणे प्रमाण. बलवानाने दुर्बळास विचारल्यावाचून त्याच्यावर काही करू नये. सोनोग्राफीच्या कायद्यांनी हाच शब्द उचलला आणि त्याचे तोंड उलटे फिरविले. जो शब्द रुग्णाच्या हातची ढाल होता, तोच त्याच्यावर उगारण्याची काठी झाला.

माहितीच्या नावाने सक्ती करता येईल अशी वाट मात्र न्यायालयानेच ठेवली होती. 1992 साली पेनसिल्व्हेनियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पतीस कळविण्याची सक्ती रद्द ठरविली. पण खरी व दिशाभूल न करणारी माहिती देण्याची सक्ती राज्यास करता येईल, असेही म्हटले. त्या फटीतून पुढचे कायदे आत आले. त्यांपैकी टेक्सासचा 2011 चा कायदा वाचण्यासारखा आहे. किमान चोवीस तास आधी सोनोग्राफी व्हावी, जो वैद्य गर्भपात करणार त्यानेच चित्र स्त्रीसमोर ठेवावे, हृदयाचा ध्वनी ऐकू येईल असा करावा, आणि गर्भाचा आकार, अवयव व हालचाल ह्यांचे तोंडी वर्णन करावे. चित्र पाहण्याचे व ध्वनी ऐकण्याचे स्त्रीने नाकारले तरी चालेल. पण वर्णन ऐकण्यातून, बलात्कारासारखे काही ठरावीक अपवाद सोडल्यास, तिची सुटका नाही. नॉर्थ कॅरोलिनाने त्याच वर्षी गव्हर्नर बेव्ह पर्ड्यू ह्यांचा नकाराधिकार मोडून काढून कायदा केला, तो ह्याहून पुढे गेला. स्त्रीने डोळे फिरविले, कान झाकून घेतले, तरी वैद्याने चित्र दाखवीत व वर्णन करीत राहिलेच पाहिजे. पेनसिल्व्हेनियात असेच विधेयक निघाले तेव्हा गव्हर्नर टॉम कॉर्बेट ह्यांना कोणी हरकत सांगितली. त्यांनी, डोळे मिटून घ्यावेत म्हणजे झाले, अशा अर्थाचे उत्तर दिले.

नाटकाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे संहिता सरकारची, पात्र वैद्य, आणि उठून जाण्यास मनाई असलेला एकच प्रेक्षक. सूचक पडद्याआड आहे. त्याचा आवाज कोणास ऐकू येत नाही, पण पात्राच्या तोंडून येणारे प्रत्येक वाक्य त्याचे आहे. ह्या प्रयोगाची सारी परिणामकारकता एका भ्रमावर अवलंबून आहे. स्त्रीला वाटावे की आपला वैद्य आपल्या हितासाठी बोलत आहे. एखाद्या पक्षाच्या पुढाऱ्याने तेच वर्णन रस्त्यावर उभे राहून केले असते तर तिने त्याच्याकडे पाठ फिरविली असती. म्हणून त्याने वैद्याचा पांढरा अंगरखा उसना घेतला. विंचू दुसऱ्याच्या हाताने धरावा, तशातला हा प्रकार.

न्यायाधीशांत ह्यावरून मतभेद झाला, आणि तोही वाचनाचाच मतभेद होता. टेक्सासच्या कायद्यास ऑगस्ट 2011 मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स ह्यांनी अंशतः मनाई केली. जानेवारी 2012 मध्ये पाचव्या विभागाच्या अपील कोर्टाने ती उठविली. मुख्य न्यायाधीश ईडिथ जोन्स ह्यांचे म्हणणे असे की, सांगावयाची माहिती खरी आहे, मग हरकत कसली? उलट नॉर्थ कॅरोलिनाचा कायदा चौथ्या विभागाच्या कोर्टाने डिसेंबर 2014 मध्ये रद्द केला. तो निकाल लिहिणारे न्यायाधीश विल्किन्सन हे रेगन ह्यांनी नेमलेले. त्यांस कोणी गर्भपाताचे कैवारी म्हणणार नाही. त्यांनी विचारले ते असे की, जी स्त्री ऐकत नाही तिला सांगत राहण्यात माहिती देण्याचा हेतू कसा असू शकेल? ऐकणारा नसता चालू राहणारे बोलणे हे माहिती नसून राज्याच्या मताचा प्रचार आहे, आणि वैद्यास त्या प्रचाराचे मुखपत्र करता येणार नाही. जोन्स ह्यांनी वाक्ये तपासली. विल्किन्सन ह्यांनी वाक्य कोण, कोणास व कोणत्या वेळी बोलत आहे हे तपासले. वाङ्मयाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ह्या दोहोंपैकी खोल वाचन कोणते हे सांगावयास नको. खरी वाक्येही खोटे बोलू शकतात. मृत्युशय्येवरील माणसास त्याच्या कर्जाचा बिनचूक हिशेब ऐकविणारा सत्यवादी असेल, पण त्याला हितचिंतक कोणी म्हणणार नाही. 2019 साली सहाव्या विभागाच्या कोर्टाने केंटकीचा तसाच कायदा उचलून धरला, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले, आणि हा भेद तसाच लोंबकळत राहिला.

आता पूर्वपक्षास न्याय दिला पाहिजे. गर्भ हा पहिल्या क्षणापासून पूर्ण मनुष्य आहे, अशी श्रद्धा बाळगणारे लाखो लोक त्या देशात आहेत. त्यांत ढोंगी असतील तसे अत्यंत सात्त्विकही आहेत. त्यांचे म्हणणे असे की, एक जीव धोक्यात असता आईस एकवार त्याचे रूप दाखविले तर बिघडले काय? ती कदाचित मन बदलील. ह्या म्हणण्यातील कळकळ नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की, स्त्रीला आपण काय करीत आहोत हे ठाऊक नसते. ते अनुभवास उतरत नाही. लॉस एंजेलिस येथील केंद्रांतील पंधरा हजारांहून अधिक भेटींचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. तेथे सोनोग्राफीचे चित्र पाहावयाचे की नाही हे स्त्रियांच्या मर्जीवर होते. निम्म्याहून थोड्या कमी स्त्रियांनी ते पाहिले, आणि पाहणाऱ्यांपैकी 98 टक्क्यांहून अधिक आपल्या निर्णयावर कायम राहिल्या. ज्यांचे मन आधीच द्विधा होते अशा थोड्यांवर चित्राचा काहीसा परिणाम झाला, हेही त्या अभ्यासाने प्रांजळपणे नोंदविले आहे. सारांश, ज्यांना पाहावयाचे होते त्यांनी पाहिले. कायद्याची गरज पडली नाही. त्या स्त्रियांत पुष्कळशा आधीच मुलांच्या आया असतात. गर्भ म्हणजे काय, हे त्यांस कायदेमंडळाने शिकवावे ही कल्पनाच मोठी विनोदी आहे.

आणि माहितीचीच जर एवढी तळमळ, तर ती निवडक का? ‘माहिती’ ह्या शब्दाचा त्या देशातील पूर्वेतिहास विसरण्याजोगा नाही. 1873 च्या कॉम्स्टॉक कायद्याने संततिनियमनाची माहिती टपालाने पाठविणे हा अश्लीलतेचा गुन्हा ठरविला होता. 1916 साली मार्गारेट सँगर ह्यांनी ब्रुकलिनमध्ये काढलेले केंद्र पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडले. आपल्या मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी 1921 साली संततिनियमनाचे कार्य आरंभिले व 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्यांसही अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले, आणि 1934 च्या खटल्यात खुद्द डॉ. आंबेडकरांनी वकिली करूनही दंड टळला नाही. स्त्री स्वतः होऊन जी माहिती विचारीत होती ती देणारा गुन्हेगार; आणि ती जी विचारीत नाही ती न देणाराही गुन्हेगार! दोन्ही ठिकाणी राज्यास माहितीचे प्रेम वा द्वेष नव्हता. स्त्रीने आपल्यापुरते आपण ठरवावे, हीच गोष्ट दोन्ही वेळी खुपत होती.

हेतूची शेवटची कसोटी मात्र शब्दांत सापडत नाही. ती जमाखर्चात सापडते. टेक्सासचे कायदेमंडळ दोन वर्षांतून एकदा, अवघे 140 दिवस, नियमितपणे भरते. 2011 च्या अधिवेशनापुढे अब्जावधी डॉलरांची तूट होती. विमा नसलेल्यांचे प्रमाण त्या राज्यात साऱ्या देशात सर्वाधिक होते. अशा समयी गव्हर्नर रिक पेरी ह्यांनी ज्या थोड्या विषयांस ‘तातडीचे’ म्हणून अग्रमान दिला, त्यांत सोनोग्राफीचे विधेयक एक होते. तातडी कोणाची, हे समजण्यास फार वेळ लागला नाही. मे महिन्यात विधेयकावर सही झाली, आणि ऑगस्टमध्ये पेरी अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या रिंगणात उतरले. त्याच अधिवेशनाने कुटुंबनियोजनाच्या दोन वर्षांच्या तरतुदीत सुमारे दोन-तृतीयांश कपात केली; सुमारे अकरा कोटी डॉलरांची रक्कम चार कोटींच्या आत आली. गरीब स्त्रियांस गर्भनिरोधाची साधने पुरविणारी कित्येक केंद्रे त्यामुळे बंद पडली. म्हणजे नको असलेला गर्भ राहू नये ह्याची व्यवस्था एका हाताने मोडावयाची, आणि तो राहिल्यावर दुसऱ्या हाताने त्याचे चित्र दाखवावयाचे. गर्भाविषयीच्या करुणेतून हे झाले असते तर त्या करुणेचा एखादा थेंब तरी त्याच्या आईच्या वाट्यास आला असता. पोट असलेल्या स्त्रीला औषधपाणी, बाळंतिणीला विश्रांती, जन्मलेल्या मुलाला दूध व शाळा ह्यांस पैसा लागतो. वैद्याच्या तोंडी चार वाक्ये घालण्यास काही लागत नाही, आणि मते मात्र मिळतात. राजकारणात सर्वांत स्वस्त नीती ती, जिचा खर्च दुसऱ्याने सोसावयाचा असतो.

पुढे जे घडले त्याने ह्या लेखनाचा खरा अर्थ उघड केला. 24 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1973 चा निकाल रद्द केला, आणि गर्भपाताचा प्रश्न राज्यांच्या स्वाधीन झाला. टेक्सासने त्याच ऑगस्टमध्ये जवळजवळ संपूर्ण बंदी अमलात आणली. ज्यांनी 2011 साली ‘आम्ही अडवीत नाही, केवळ माहिती देतो’ असे म्हटले होते, त्यांच्या हाती अडविण्याची सत्ता येताच माहितीचे प्रेम एका दिवसात आटले. निर्णयच उरला नाही, तेव्हा तो समजून-उमजून घेण्याचा प्रश्न कसला? व्हर्जिनियाची गोष्ट उलट दिशेने गेली. 2012 च्या विधेयकास विरोध करणारे सिनेट सदस्य राल्फ नॉर्दम हे मुलांच्या मज्जाविकारांचे वैद्य होते. ते पुढे गव्हर्नर झाले, आणि सोनोग्राफीची व चोवीस तास थांबण्याची सक्ती उठविणाऱ्या कायद्यावर एप्रिल 2020 मध्ये त्यांनीच सही केली. ज्या धंद्याच्या तोंडी सरकारने आपले शब्द घातले होते, त्या धंद्यातील एकाने ते शब्द काढून टाकले.

हे वाचून आपल्याकडील वाचकांस, व विशेषतः वाचकभगिनींस, आपण बरे आहोत असे वाटेल. आणि काही अंशी ते खरेही आहे. आपला 1971 चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा ज्या समितीच्या अहवालावर उभा राहिला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. त्या कायद्यात सज्ञान स्त्रीच्या संमतीखेरीज दुसऱ्या कोणाचीही संमती मागितलेली नाही, आणि तिला काही ऐकविण्याची सक्तीही नाही. तथापि गर्भपाताचा निर्णय त्याने स्त्रीच्या इच्छेवर न ठेवता वैद्याच्या मतावर ठेवला, हे विसरून चालणार नाही. सोनोग्राफीविषयी तर आपल्या सरकारने नेमका विरुद्ध हुकूम सोडलेला आहे. तेथे वैद्याने बोललेच पाहिजे. येथे गर्भाच्या लिंगाविषयी त्याने मौन पाळलेच पाहिजे. 1988 साली महाराष्ट्राने हा निर्बंध देशात प्रथम घातला व 1994 साली केंद्राने तो उचलला.

दोन्हीकडे सरकार वैद्याच्या जिभेवर बसले आहे, मग दोष एकासच का, असे कोणी विचारील. भेद आहे, आणि तो मोठा आहे. मुलगी नको म्हणणारा आवाज पुष्कळदा त्या स्त्रीचा नसून तिच्याभोवतीच्या घराचा असतो. तो दडपणारा कायदा तिच्या निवडीवर घाला घालीत नाही. तरीही कायद्याची मुळे नीट न राखल्यास तण कसे माजते, हे आपणही पाहिले आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे 2001 साली 913 मुली होत्या. 2011 साली त्या 894 उरल्या. मौनाचा कायदा एकटा पुरला नाही. तेव्हा 2016 च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्री मेनका गांधी ह्यांनी विचार मांडला की, प्रत्येक गर्भवतीची लिंगतपासणी सक्तीची करावी, त्याची नोंद ठेवावी, व पुढे मूल जन्मते की नाही ह्यावर नजर ठेवावी. हेतू मुलींना वाचविण्याचा होता, ह्यात शंका नाही. परंतु साधन पाहा. हुंडा घेणारा मोकळा, मुलीस ओझे मानणारे घर मोकळे, आणि पहाऱ्यात बसणार ती पोटुशी स्त्री! सुदैवाने तो विचार पुढे गेला नाही. पण तो मंत्र्यांस सुचला व मोठ्या वर्तुळांत गंभीरपणे चर्चिला गेला, एवढ्यानेच व्हर्जिनिया आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही हे ध्यानी यावे.

असो. अमेरिकेची कलमे वाचावयास सर्वांस मिळतील असे नाही. परंतु एक लेखन आपल्यापैकी पुष्कळांस सहज पाहावयास मिळेल. आपल्या शहरांतील पुष्कळ दवाखान्यांत गर्भपातासाठी आलेल्या विवाहित स्त्रीपुढे संमतीचा जो कागद ठेवतात, त्यावर तिच्या सहीच्या खाली पतीच्या सहीची एक ओळ असते. कायद्याने ती मागितलेली नाही. नियमांतील अधिकृत नमुन्यात, स्त्री सज्ञान व शुद्धीवर असता, तिची एकटीचीच सही पुरते. तरी ती ओळ आहे, आणि ती रिकामी राहिली तर स्त्रीस परत पाठविल्याची उदाहरणे आहेत. ती ओळ कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, आणि तिच्या ओठांवरचा व पोटातला हेतू एकच आहे काय, हे तीन प्रश्न त्या कागदालाही विचारून पाहावेत. ज्या घरात हे मासिक वाचले जाते त्या घरातील पुरुषाने, पुढे कधी तो कागद समोर आला, तर ते आपल्या लेखणीनेच विचारावेत. ती ओळ आडवी रेघ मारून खोडावी, आणि वरची सही जिची आहे तिच्या हाती कागद परत द्यावा.